खबर कोणी द्यायची

शेजारणीचा नवरा वारला आणि माझ्या अम्माला तिचा हेवा वाटायला लागला. हे मी अजून कुणाला तोंडाने सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही, पण ते खरं आहे.

आम्ही शारजात अल नहदाला राहतो. बाल्कनीतून समोर दुबई दिसते. नुसती दिसतेच, कारण सकाळी तिथे पोहोचेपर्यंत निम्मा जीव गेलेला असतो. शेजारीण आमच्याच मजल्यावरची, रायगडकडची, आमच्यासारखीच कोकणी मुसलमान. तिचा नवरा खोर फक्कानच्या बंदरात कामाला होता, सुट्टीला घरी यायचा. एका सुट्टीला तो आला नाही, त्याच्या मौतीचा फोन आला. तिकडेच त्याला मिट्टी दिली आणि शेजारीण इद्दतीला बसली. आमच्यात नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घरात बसायचं असतं. साधे कपडे, मेंदी नाही, अत्तर नाही, गरजेशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. ओळखीच्या बायका येत-जात असतात. कुणी कुराणातलं यासीन वाचतं, कुणी जेवण आणतं, कुणी काहीच न बोलता बसून राहतं. मुदत संपली की बाई न्हाते, चांगले कपडे घालते आणि बाहेर पडते.

अम्मा रोज दुपारी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण घेऊन शेजारणीकडे जायची. परत यायची तेव्हा चेहरा असा, की जणू कुणाच्या पोराच्या अकीक्याला, बारशाला जाऊन आली आहे. एक दिवस रिकामा डबा सिंकमध्ये ठेवता ठेवता ती म्हणाली, "मना पण बसायचंय."

"कुठे?"

"इद्दतीला. तुझ्या बापाच्या."

मी भांडी घासत होते. नळ बंद केला आणि पुन्हा चालू केला.

माझा बाप मी पाळण्यात असताना लंडनला गेला. लंडन म्हणजे लंडन नव्हे. आमच्या खाडीकाठच्या गावात सगळ्या इंग्लंडला लंडन म्हणायची रीत आहे. तो गेला उत्तरेकडे, कापडाच्या गिरण्यांच्या पट्ट्यात. आमच्या तालुक्यातली बरीच माणसं तेव्हा तिथे गेली, आणि गावोगावच्या जमाती, म्हणजे गावकऱ्यांची मंडळंही मागोमाग तिथे उभी राहिली. सुरुवातीला त्याची पत्रं आली, एक जाड ब्लँकेट आलं, ओव्हरकोट घातलेला एक फोटो आला. मग काही येईनासं झालं. सुट्टीवर आलेल्या माणसांना विचारलं तर म्हणायची, बरा आहे, घर बदललं त्याने. पुढे पुढे ती माणसं आमच्या दारावरून जायचीच बंद झाली, विहिरीच्या बाजूने वळसा घालून जायची. गावाने निकाल लावून टाकला की त्याने तिकडे मड्डम ठेवली आहे.

मला बापाचा राग होता असं लोकांना वाटतं. रागाला समोर चेहरा लागतो. माझ्याकडे फक्त एक ओव्हरकोट होता.

अम्माचं मात्र कठीण होतं. ती ना नवऱ्याची होती ना बेवा. कुणाची हळद असली की नवरीला हात लावायला सुहागनी बोलवायच्या. मग अम्माला बोलवायचं का, यावर बायका दाराआड कुजबुजायच्या. बोलावलं तर ती जायची आणि नाही बोलावलं तर घरात बसायची. दोन्ही वेळा तिचं तोंड सारखंच असायचं. हातात काचेच्या बांगड्या ठेवायची, पण दोनच. जास्त घातल्या तर लोक हसतील आणि काढल्या तर तो मेला असं होईल. हे तिने मला कधी सांगितलं नाही. मोठी झाल्यावर माझं मलाच कळलं.

तिला इद्दतीला बसायचं होतं. त्यासाठी आधी तो मेला आहे की नाही हे कळायला हवं होतं.

मी दुबईत अल बर्शाला एका क्लिनिकच्या इन्शुरन्स डेस्कवर बसते. दिवसभर अनोळखी माणसांना फोन करून विचारायचं, पॉलिसी कुणाच्या नावावर, तुम्ही त्यांचे कोण. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं त्याला आम्ही इन्शाल्ला म्हणतो आणि पेशंटही समजून घेतात. तर अशा माणसाला एका माणसाचा शोध लावता येऊ नये? गावाच्या जमातीचा गल्फमधला व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यातून इंग्लंडच्या ग्रुपमधल्या लोकांचे नंबर मिळाले. बापाच्या नावाने विचारलं तर कुणी ओळख देईना. मग मी आडनावाला धरलं. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर अर्धा तालुका उद्या माझ्या दारात उभा राहील.

त्या गिरण्यांच्या पट्ट्यात आमच्या आडनावाची घरंच घरं आहेत. कुणी आमच्या गावच्या वरच्या मोहल्ल्यातले, कुणी खालच्या, कुणी मशिदीकडले. मी शनिवार-रविवार करून एकेकाला फोन लावायला लागले. प्रत्येक घरात आधी एखादं पोर फोन उचलायचं, इंग्रजीत कोण म्हणून विचारायचं आणि मग आतून एखादी म्हातारी यायची. म्हातारीचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुणाची गो तू?" मी बापाचं नाव सांगायची. त्यानंतर या म्हाताऱ्या मला तिथली थंडी सांगायच्या, गुडघे सांगायच्या, इकडे आलीस तर घरी ये म्हणायच्या. फोन ठेवल्यावर लक्षात यायचं की आपण ज्यासाठी फोन केला ते सोडून सगळं बोललो. इतका गोडवा मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता, आणि मला त्याचा संताप यायला लागला.

शेवटी वरच्या मोहल्ल्यातल्या एका चाचीला मी सरळ म्हटलं, "चाची, तो जिवंत आहे का तेवढं सांगा. मड्डम असेल तर असू दे, आम्हाला काही नको."

पलीकडे किटलीची शिट्टी होत होती, ती तिने जाऊन बंद केली आणि परत आली.

"अगो, पन तुमाला कळवलंय ना?"

"काय कळवलंय?"

"खालच्या मोहल्ल्यावाल्यांनी कळवलं ना तवा?"

माझा बाप मेला आहे हे मला असं कळलं. मी खालच्या मोहल्ल्यातल्या घरी फोन लावला. ते म्हणाले, आम्हाला वाटलं मशिदीकडल्यांनी कळवलं, त्यांचं घर तुमच्या घराला लागून ना! मशिदीकडले म्हणाले, छे छे, वरच्या मोहल्ल्यातले तुमचे सख्खे भाऊबंद, ते असताना आम्ही कसे पुढे होणार? अशी मी पूर्ण गोल फिरून पुन्हा चाचीपाशी आले.

हे कुणाला खोटं वाटेल, पण आमच्या गावातल्या माणसाला नाही वाटणार. आमच्यात मौतीची खबर द्यायची ती जवळच्या घराने. तो त्या घराचा मान असतो. दुसऱ्या कुणी आधी दिली तर ‘फार पुढे पुढे करतो’ म्हणून वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. गावात कुठलं घर जवळचं हे शेंबडं पोरही सांगतं. तिकडे मात्र सगळे एकाच आडनावाचे आणि आमच्या घरचा एकही नाही. प्रत्येकाने अदबीने दुसऱ्याला पुढे केलं आणि पुढे कुणीच गेलं नाही. मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडायची आणि ते इतक्या मऊ आवाजात माफी मागायचे की माझं तोंड तसंच मिटायचं.

त्या संध्याकाळी मी अम्माला सांगितलं. रडली नाही. "इन्ना लिल्लाही" म्हणाली, बांगड्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "तारीख काय?"

तारीख कुणालाच आठवत नव्हती. पण चाचीने एका म्हाताऱ्याचा नंबर दिला. तो आमच्या आडनावाचा नव्हता, शेजारच्या गावचा होता, आणि माझ्या बापाबरोबर एका खोलीत राहिला होता. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लावला. अम्मा डोक्यावर पदर घेऊन सोफ्यावर ताठ बसली, मी तिच्याजवळ, आणि फोन माझ्या मुलीने धरला होता. पडद्यावर लोकरी टोपी घातलेला एक म्हातारा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी असलेली त्याची नात.

मी सलाम केला. तो नुसता बघत राहिला.

"ही कान्ट हिअर यू, लव्ह," नात म्हणाली. "इट्स द लूम्स."

गिरणीतल्या मागांच्या खडखडाटाने त्या सगळ्यांचे कान गेले होते, माझ्या बापाचेही. मग असं चाललं. मी माझ्या मुलीला मराठीत सांगायचं, तिने त्या मुलीला इंग्रजीत सांगायचं आणि त्या मुलीने म्हाताऱ्याच्या कानात ओरडायचं. दोघी पोरी एकमेकींशी इतक्या नीट बोलत होत्या, जणू शाळेचा प्रोजेक्ट करताहेत.

"माय मम इज आस्किंग, डिड ही मॅरी देअर?" माझ्या मुलीने विचारलं.

हे म्हाताऱ्याला पहिल्या फटक्यात ऐकू आलं. तो हसला. "शादी? कुनाशी? खाटेशी?" मग त्याने आपल्या कोकणीत सांगितलं ते असं. एका खोलीत चार जणं. दोघं रात्रपाळीला जायचे, दोघं दिवसपाळीला, आणि खाटा दोनच. एक उठला की दुसरा त्याच गरम गादीवर झोपायचा. मग गिरणी बंद पडली. काम नाही, पैसा नाही, रिकाम्या हाताने गावाला जायची लाज. अम्माची पत्रं यायची, ती तो उशाशी ठेवायचा. म्हणायचा, पुढचा रमजान झाला की जाईन. दर वर्षी म्हणायचा. छातीत कफ भरला, त्यातच गेला.

अम्मा पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "मड्डम ठेवली असती तर बरं झालं असतं." माझ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हे इंग्रजीत करू नकोस.

"तारीख विचार त्येला," अम्मा म्हणाली.

म्हाताऱ्याला तारीख आठवेना. पण त्याने हाताने हवेत एक चौकोन काढला. "कार्ड आलता," तो म्हणाला. "शादीचा कार्ड. त्येला मिट्टी देऊन आमी घरी आलो आनि दारात कार्ड पडलेला."

ते माझ्या लग्नाचं कार्ड होतं. अम्माने ते माझ्या बापाच्या जुन्या पत्त्यावर टाकलं होतं, म्हणजे घर बदललं ही थापच होती. येवो न येवो, पोरीच्या बापाला कार्ड गेलं पाहिजे, असा तिचा हट्ट. छापताना काका म्हणाले होते, वहिनी, नावाआधी काय घालायचं? आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी मरहूम छापतात. अम्माने निक्षून सांगितलं की मरहूम घालायचं नाही.

"आमी नाव वाचला," म्हातारा म्हणाला. "मरहूम नव्हता. म्हंजे घरी मालूम नाय. मंग सगल्यांनी ठरवला, शादीचं घर हाय, आता खबर नको. शादी होऊन जाऊ दे. मी ह्येंच्या आडनाववाल्यांना सांगितला, तुमचा मानूस, शादीनंतर तुमी कळवा."

"ही सेज सॉरी," नात म्हणाली. त्याने तसं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ती पोर तिच्या मनाने म्हणाली असावी.

त्यानंतरचे दोन दिवस माझ्या घरात अम्माइतकं उत्साही कुणी नव्हतं. कार्ड माझ्या लग्नाच्या महिनाभर आधी पोहोचलं असणार, म्हणजे तारीख मिळाल्यासारखीच होती. तिने माझ्या मुलीची खोली मागितली, कारण तिचं दार लिव्हिंग रूमकडे उघडत नाही.

"नानी कॅन टेक इट," मुलगी म्हणाली, "पण माझा रिंग लाइट काढू नका, ओके? इट्स क्लॅम्प्ड." मग जरा वेळाने येऊन तो तिने स्वतःच काढला. आरसा उतरवला. अम्माने बॅगेच्या तळातून एक पांढरी साडी काढली. ती साडी तिने गावाहून इथे येताना आणली होती. मी इतकी वर्षं ती कफनासाठी असावी असं समजत होते आणि विचारायला घाबरत होते. शेजारीण आपल्या इद्दतीत होती, तिला येता येईना, म्हणून तिने फोनवरूनच सगळं समजावलं. काय घालायचं, काय वाचायचं, डॉक्टरकडे जावं लागलं तर काय. दोघी एकाच मजल्यावर भिंतीच्या दोन बाजूंना बसणार, याचा अम्माला कोण आनंद! शेवटी शेजारीण म्हणाली, बसायची सुरुवात कुठल्या नमाजपासून करायची ते मौलानांना विचारून घ्या.

आमच्या कोकणी लोकांचे एक मौलाना आहेत, मऊ स्वभावाचे, कधी कुणाला दुखवत नाहीत. मी फोन स्पीकरवर ठेवला. सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "इंतकाल कधी झाला म्हणालात?"

"माझ्या लग्नाच्या महिनाभर आधी."

"आणि तुमची मुलगी...?"

"कॉलेजात आहे."

मौलाना म्हणाले, "आपा, इद्दत मौतीच्या दिवसापासून सुरू होते, खबरीच्या दिवसापासून नाही. तुमच्या अम्मांची इद्दत तेव्हाच सुरू झाली आणि तेव्हाच पुरी झाली. आता त्यांच्यावर काही नाही."

"खलास?" अम्माने विचारलं. हा शब्द ती इथल्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, रोज ऐकते.

"खलास, अम्मा. अल्लाने तुमच्यासाठी आसान केलंय. तुम्ही कुठेही जाऊ शकता, काहीही घालू शकता."

मला वाटलं, याला कुणीतरी सांगा की आसान हा शब्द आमच्या घरात वापरू नको. पण त्यांचं काय चुकलं? जे आहे ते त्यांनी सांगितलं. मी शुक्रिया म्हणून फोन ठेवला.

अम्मा माझ्या मुलीच्या पलंगाच्या कडेला बसली. पांढरी साडी घडी करून मांडीवर होती. ती घडी पुन्हा सारखी करत ती म्हणाली, "म्हंजे मी बसले व्हते इद्दतीला."

"हो. तसंच म्हणायचं."

"मंग तवा मी काय करत व्हते गो?"

तिला माहीत होतं. त्या महिन्यांत ती रोज एसटीने रत्नागिरीच्या बाजारात जात होती, दुकानात बसून शालू उलगडायला लावत होती. घरात ढोलकी वाजत होती. माझ्या हळदीला नवरीची आई म्हणून तिने सगळ्यांत आधी हात लावला, आणि त्या दिवशी दाराआड कुणी कुजबुजलं नाही. तिच्या हातावर मीच जबरदस्तीने मेंदी काढली होती, कोपरापर्यंत. ती लाजली होती, नको नको म्हणत होती, पण मेंदी इतकी रंगली की सगळ्या बायका तिला चिडवत होत्या, नवऱ्याचं प्रेम फार असलं की अशी रंगते म्हणून. आयुष्यात ती खुश होती असे मला तेवढेच दिवस आठवतात, आणि नेमके तेच तिच्या इद्दतीचे होते.

तिने दोन्ही तळवे उलटे-सुलटे करून पाहिले. मग बांगड्या काढल्या, शांतपणे, एकेक करून, आणि उशीखाली ठेवल्या. पांढरी साडी नेसली. मी म्हटलं, अम्मा, मौलाना काय म्हणाले ऐकलंस ना? तिने दार लोटून घेतलं.

त्या दिवसापासून ती त्या खोलीत आहे. जेवते, नमाज पढते, पोरगी आत गेली तर तिचे केस विंचरून देते. बाहेर येत नाही. मुलगी हॉलमध्ये सोफ्यावर झोपते आणि तक्रार करत नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, काय सांगशील त्याला? तिला कुणी बसवलेलं नाही, मग तिला उठायला कुणी सांगायचं? मौलानांना पुन्हा विचारलं तर ते बिचारे तेच सांगणार की तुमच्यावर काही नाही. हेच तर तिला सहन होत नाही.

मधे शेजारणीची इद्दत पुरी झाली. न्हाऊन, निळा ड्रेस घालून, अत्तर लावून ती पहिल्यांदा उंबरठ्याबाहेर पडली ती थेट आमच्याकडे आली. चेहरा उतरलेला होता, पण पायात चपला होत्या आणि ती उभी होती. म्हणाली, अम्मांना घेऊन खाली पार्कात एक फेरी मारून येते, त्यांनी माझं फार केलं.

मी खोलीचं दार अर्धवट उघडलं. अम्माने आतूनच सांगितलं, "तू जा बाय. माजी इद्दत चालू हाय."

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. सगळं तिला माहीत होतं. तरी तिने हलकेच विचारलं, अम्माला ऐकू जाईल इतपतच, "कधी सुटणार?"

आतमध्ये तसबीचे मणी फिरायचे थांबले. अम्माही ऐकत होती.

"इन्शाल्ला," मी म्हणाले.